ग्लासगोच्या गल्ल्या आणि थॉमस अ‍ॅननचा कॅमेरा

छायाचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लग्नसमारंभ, सत्कार, सहल किंवा भिंतीवर हार घालून लावलेली वडीलधाऱ्यांची तसबीर येते. पण छायाचित्राचे आणखी एक काम आहे, ते म्हणजे साक्ष देण्याचे. एखादे शहर झपाट्याने बदलत असते, जुनी वस्ती पडत असते, नवे रस्ते होत असतात, तेव्हा पूर्वी तेथे काय होते हे सांगायला पुढच्या पिढीजवळ फार थोडी साधने उरतात. त्यातले एक महत्त्वाचे साधन म्हणजे छायाचित्र होय. मात्र हा साक्षीदार सगळेच सांगतो असे नाही. तो किती सांगतो, काय सांगत नाही आणि राहिलेले आपण कोठून मिळवायचे, हे एका जुन्या उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

हे उदाहरण स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे आहे. इतक्या दूरच्या शहराशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपल्या रेल्वेवर धावलेली कितीतरी वाफेची इंजिने या शहराच्या कारखान्यांत तयार झाली. आणि मुंबईतल्या ज्या चाळींत आपले वाडवडील राहिले, त्यांच्या इतिहासाचा एक धागाही तेथपर्यंत जाऊन पोहोचतो. तो धागा लेखाच्या शेवटी पाहू.

गिरण्या, गोद्या आणि गर्दी

इ. स. १८०१ मध्ये ग्लासगोची लोकसंख्या सुमारे ७७ हजार होती. १८६१ साली ती चार लाखांच्या जवळ गेली. म्हणजे साठ वर्षांत पाचपट! प्रथम कापसाच्या गिरण्या आल्या, नंतर लोखंड, रसायने, इंजिने आणि जहाजबांधणी. क्लाइड नदीचे पात्र खोल केल्यामुळे मोठी जहाजे थेट शहरात येऊ लागली. सेंट रोलॉक्स येथील रसायनांच्या कारखान्याने १८४२ मध्ये चारशे फुटांहून अधिक उंचीचे धुराडे उभारले. धूर दूरवर जावा म्हणून ते इतके उंच बांधले होते. पण एक धुराडे उंच केल्याने काय होणार? सगळे शहरच काजळीने काळे झाले होते.

कामासाठी माणसे आली ती स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आणि समुद्रापलीकडच्या आयर्लंडमधून. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने बुडाले, मोठा दुष्काळ पडला आणि भुकेली कुटुंबे बोटी भरभरून ग्लासगोला उतरली. गावात पोट भरत नाही म्हणून शहराकडे निघालेल्या माणसाची ही कथा आपल्याला अनोळखी नाही.

ही माणसे राहणार कोठे? ग्लासगोच्या जुन्या भागात हाय स्ट्रीट, सॉल्टमार्केट, गॅलोगेट आणि ट्राँगेट हे चार मुख्य रस्ते होते. एकेकाळी तेथे सुखवस्तू व्यापारी राहत. रस्त्याला लागून घर आणि मागे लांबट परसबाग अशी त्यांची रचना होती. श्रीमंत मंडळी पश्चिमेकडच्या मोकळ्या हवेत राहायला गेली आणि घरमालकांनी त्या परसबागांत एकामागे एक दगडी इमारती चढवल्या. मुख्य रस्त्यावरून या मागच्या इमारतींकडे जायला जो अरुंद बोळ राहिला, त्याला तेथे ‘क्लोज’ म्हणतात. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली भिंती, मध्ये जेमतेम दोन माणसे शेजारी शेजारी चालतील एवढी वाट, जमिनीवर सांडपाण्याचा पाट आणि वर आकाशाची एक पट्टी. अशा बोळांच्या आत शेकडो कुटुंबे एकेका खोलीत राहत होती.

परिणाम व्हायचा तोच झाला. टायफस तापाच्या साथी येत राहिल्या. १८५३-५४ च्या पटकीच्या साथीत ग्लासगोत जवळजवळ चार हजार माणसे दगावली. त्यानंतर नगरपालिकेने मोठे धाडस केले. लॉक कॅट्रिन या डोंगरातील सरोवराचे स्वच्छ पाणी सुमारे ३४ मैलांवरून शहरात आणले. १८५९ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते या योजनेचे उद्घाटन झाले. १८६६ साली पुन्हा पटकी आली, तेव्हा मृत्यूंची संख्या पन्नासच्या आसपासच राहिली. शुद्ध पाणी म्हणजे काय, हे या दोन आकड्यांवरून समजते.

पाडण्याचा कायदा

पाण्याचा प्रश्न सुटला, पण घरांचा तसाच राहिला. १८६६ साली ब्रिटिश संसदेने ग्लासगो शहर सुधारणा कायदा मंजूर केला. या कायद्याने एक विश्वस्त मंडळ नेमण्यात आले. जुन्या शहरातील ८८ एकरांचा भाग विकत घ्यायचा, पाडायचा, रुंद रस्ते काढायचे आणि उरलेली जमीन नव्या बांधकामासाठी विकायची, असा त्याला अधिकार मिळाला. या ८८ एकरांत सुमारे ५१ हजार माणसे राहत होती. एका एकरात सरासरी पाऊणशेच्या जवळपास कुटुंबे मावतील असे आपण गृहीत धरले तरी आपल्याला घुसमटायला होते. तेथे तर सरासरीच एकरी ५८० माणसांची पडते आणि काही कोपऱ्यांत ती हजारावर जात होती.

योजनेचे पुढारी होते नगराध्यक्ष जॉन ब्लॅकी. १८६६ च्या जून महिन्यात ते काही सहकाऱ्यांसह पॅरिसला गेले आणि तेथे जुने शहर पाडून काढलेले भव्य रस्ते पाहून आले. पण या कामासाठी पौंडामागे सहा पेन्स कर बसला आणि करदाते चिडले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ब्लॅकी पराभूत झाले. माणसे गेली तरी कायदा राहिला आणि काम पुढे चालले.

याच विश्वस्त मंडळाने १८६८ साली एका स्थानिक छायाचित्रकाराला पाचारण केले. जे पाडायचे आहे, ते पाडण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत, असे ठरले. त्या छायाचित्रकाराचे नाव थॉमस अ‍ॅनन.

कारागीर अ‍ॅनन

अ‍ॅननचा जन्म १८२९ साली स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील डेअर्सी या खेड्यात झाला. एका वृत्तपत्राच्या छापखान्यात त्याने शिळाछापाचे काम शिकले आणि १८४९ मध्ये तो पोटापाण्यासाठी ग्लासगोला आला. म्हणजे तोही खेड्यातून शहरात आलेलाच! १८५५ पासून तो छायाचित्रणाच्या नव्या धंद्यात पडला. चित्रांच्या प्रतिकृती काढणे, इमारतींची व प्रतिष्ठित व्यक्तींची छायाचित्रे घेणे हा त्याचा नेहमीचा व्यवसाय. आफ्रिकेचा प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचे छायाचित्र त्याने १८६४ मध्ये काढले. लॉक कॅट्रिनच्या पाणीयोजनेचीही छायाचित्रे त्याने घेतली. म्हणजे शहराचे पाणी, शहराची मोठी माणसे आणि शहराचे कोंदट बोळ हे तिन्ही एकाच माणसाच्या कॅमेऱ्यातून गेले.

आज आपल्या खिशातला मोबाइल क्षणात फोटो काढतो, म्हणून त्या काळचे काम किती कष्टाचे होते ते विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ती १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. स्वच्छ काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरायचा. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. यामुळे काचेवर प्रकाशाने बदलणारा थर तयार होतो. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून छायाचित्र घ्यायचे आणि लगेच पुन्हा अंधारात रसायनाने धुऊन प्रतिमा उठवायची. थर वाळला की काच वाया! हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. त्यामुळे छायाचित्रकाराला कॅमेरा, तिकाटणे, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधारी राहुटी किंवा गाडी हा सगळा संसार बरोबर न्यावा लागे. नंतर त्या काचेवरून अंड्यातील पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावर उन्हात प्रत काढली जाई.

आता हा संसार घेऊन माणूस दोन हात रुंदीच्या बोळात उभा आहे, अशी कल्पना करा. वरून उजेड जेमतेम येतो, त्यात ग्लासगोचे आभाळ ढगाळ आणि धुराने भरलेले. मोकळ्या जागी काही सेकंद पुरतील, तेथे या बोळात कॅमेऱ्याचे झाकण बराच वेळ उघडे ठेवावे लागणार. दगड हलत नाही, म्हणून भिंतीचा एकेक चिरा स्पष्ट येतो. माणूस हलतो, म्हणून तो पुसट होतो. मूल तर स्थिर उभे राहातच नाही. अ‍ॅननच्या चित्रांत काही ठिकाणी मुलांच्या जागी फक्त धुक्यासारखा डाग दिसतो. शहराचे सर्वांत जिवंत रहिवासी चित्रात भुतासारखे उमटले, ते असे.

चित्रांत काय दिसते?

१८६८ ते १८७१ या काळात घेतलेल्या या छायाचित्रांचा ३१ चित्रांचा संच तयार झाला. ‘ग्लासगोचे जुने क्लोज आणि रस्ते’ अशा अर्थाच्या नावाने तो ओळखला जातो. सुरुवातीला त्याच्या थोड्याच प्रती निघाल्या व त्या विश्वस्त मंडळाच्या कामासाठी होत्या. पुढे कार्बन पद्धतीने न फिकटणाऱ्या प्रती काढल्या गेल्या. त्या पद्धतीचे स्कॉटलंडपुरते हक्क अ‍ॅननने १८६६ मध्येच घेतले होते. १८८७ साली तो वारला. त्यानंतर १९०० मध्ये छापील आवृत्ती निघाली. ती चित्रे तयार करण्यात त्याचा मुलगा जेम्स क्रेग अ‍ॅनन याचा हात होता. आज या संचाच्या प्रती जगातल्या नामवंत संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत.

चित्रे पाहताना प्रथम नजर जाते ती बोळाच्या टोकाकडे. दोन काळ्या भिंतींच्या मध्ये दूर कोठेतरी उजेडाची फट असते. जमिनीवरचे ओले दगड चमकत असतात. खिडक्यांतून बाहेर काढलेल्या काठ्यांवर धुतलेले कपडे लोंबत असतात. हा तपशील लहान वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. जेथे ऊन पोहोचत नाही, पाण्याचा नळ सर्वांत मिळून असतो आणि हवेत काजळी आहे, तेथेही कोणीतरी बाई रोज कपडे धूत होती, वाळत घालीत होती. ‘ही घाणेरडी माणसे आहेत’ असे म्हणणाऱ्यांना त्या काठ्यांवरचे कपडे उत्तर देतात.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसे. काही चित्रांत दाराशी, जिन्याशी, बोळाच्या तोंडाशी माणसे उभी आहेत. डोक्यावर शाल घेतलेल्या बायका, टोपी घातलेले पुरुष, अनवाणी मुले. बरीच जण थेट कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. ती लपलेली नाहीत. आपल्या गल्लीत हे काय यंत्र आले आहे, याचे कुतूहल त्यांच्या उभे राहण्यात दिसते. आपण पाडली जाणार, हे त्यांना कोणी नीट सांगितले होते की नाही, ते चित्र सांगत नाही.

चित्राखाली काय लिहिले आहे?

आता चित्राखालचा मजकूर वाचा. ‘क्लोज क्रमांक ११८, हाय स्ट्रीट.’ ‘क्लोज क्रमांक ४६, सॉल्टमार्केट.’ बस्स, एवढेच. रस्त्याचे नाव आणि बोळाचा क्रमांक. चित्रातल्या एकाही रहिवाशाचे नाव नाही. त्याच अ‍ॅननने लिव्हिंगस्टनचे छायाचित्र काढले तेव्हा खाली नाव आले. जुन्या विद्यापीठाच्या छायाचित्रांचे त्याने १८७१ मध्ये पुस्तक केले, त्यात प्राध्यापकांची छायाचित्रे नावांसह आहेत. हे विद्यापीठ १४५१ साली स्थापन झालेले. हाय स्ट्रीटवरची आपली पुरातन वास्तू सोडून १८७० मध्ये ते पश्चिमेकडच्या गिलमोरहिल टेकडीवर गेले आणि जुनी जागा रेल्वेच्या मालधक्क्यासाठी गेली. विद्यापीठ स्थलांतरित झाले, त्याचा सन्मानाने इतिहास लिहिला गेला. पलीकडच्या बोळातील माणूस स्थलांतरित झाला, त्याची फक्त जागा नोंदवली गेली.

यात अ‍ॅननला दोष देण्याचा हेतू नाही. त्याला जे काम सांगितले ते त्याने उत्तम केले. विश्वस्त मंडळाला जुन्या वास्तूंची आठवण हवी होती, माणसांची चौकशी नको होती. मी बँकेत कारकून आहे. आमच्याकडे खाते उघडताना अर्जावर फोटो चिकटवतात, पण नुसत्या फोटोवर खाते उघडत नाही. नाव, पत्ता, तारीख आणि सही त्याबरोबर असावी लागते. फोटो ओळख पटवतो, पण ओळख सांगतो ती लेखणी. ग्लासगोच्या या संचात फोटो आहे, पत्ता आहे, तारीख आहे. नाव आणि सही मात्र नाही.

दाराआड काय होते?

दुसरी उणीव अशी की ही चित्रे जवळजवळ सर्वच घराबाहेरची आहेत. खोल्यांत पुरेसा उजेडच नव्हता. मग आत काय होते ते कळायचे कसे? येथे सरकारी दप्तर उपयोगी पडते.

१८६२ च्या कायद्याने ग्लासगोत लहान घरे मोजण्याची पद्धत सुरू झाली. तीन खोल्यांपर्यंतच्या आणि दोन हजार घनफुटांपेक्षा कमी जागेच्या घरांच्या दारावर पत्र्याचे तिकीट ठोकले जाई. घराचे घनफूट किती आणि तेथे किती प्रौढ माणसांना झोपण्याची परवानगी आहे, हे त्यावर लिहिलेले असे. एका प्रौढाला ३०० घनफूट असा हिशेब होता आणि आठ वर्षांखालचे मूल अर्धे धरले जाई. ३०० घनफूट म्हणजे सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दहा फूट उंच एवढी जागा. मध्यरात्रीनंतर तपासनीस दार ठोठावीत व डोकी मोजीत. तिकिटापेक्षा जास्त माणसे सापडली की खटला होई. त्यामुळे चाहूल लागताच भाडोत्री माणसे कपाटात, पलंगाखाली, प्रसंगी छपरावर लपत. भाडे परवडत नाही म्हणून पोटभाडेकरू ठेवायचा, आणि तो ठेवला म्हणून शिक्षा भोगायची, असा हा पेच होता.

१८७२ पासून डॉ. जेम्स बर्न रसेल हे ग्लासगोचे आरोग्य अधिकारी होते. १८८८ मध्ये त्यांनी एका खोलीतल्या संसारावर व्याख्यान दिले. शहरातील सुमारे एक चतुर्थांश लोक एकाच खोलीत राहतात, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. पाच वर्षांच्या आत मरण पावणाऱ्या दर १०० मुलांपैकी ३२ मुले एका खोलीच्या घरांत मरतात आणि पाच किंवा अधिक खोल्यांच्या घरांत दोनसुद्धा मरत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. अ‍ॅननच्या चित्रातले ते पुसट मूल आणि रसेल यांच्या तक्त्यातला हा आकडा शेजारी शेजारी ठेवले म्हणजे गोष्ट पुरी होते. नुसत्या चित्राने मन हळहळते, नुसत्या आकड्याने डोळे भिजत नाहीत. दोन्ही मिळून विचार जागा करतात.

गल्ल्या गेल्या, माणसे कोठे गेली?

१८७० च्या दशकात पाडापाडी जोरात चालली. नवे रुंद रस्ते निघाले, हवा खेळू लागली, हे मान्य केले पाहिजे. विश्वस्त मंडळाने एकट्यादुकट्या कामगारांसाठी रात्रीपुरती निवासगृहेही बांधली. पण उठवलेल्या कुटुंबांसाठी नवी घरे बांधण्याचे काम त्याने खासगी बांधकाम करणाऱ्यांवर सोडले. नवी घरे झाली, ती बऱ्यापैकी मिळकत असलेल्या कारागिरांना परवडणारी. बोळातला हमाल, फेरीवाला, विधवा मोलकरीण यांना ती परवडणे शक्य नव्हते. ती माणसे शेजारच्या वस्त्यांत शिरली आणि तेथली गर्दी वाढली.

त्यातच २ ऑक्टोबर १८७८ रोजी सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. बँकेच्या नोकरीतल्या माणसाने हा प्रसंग मुळातून वाचावा असा आहे. साठ लाख पौंडांहून अधिक तूट निघाली. संचालकांनी खोटे ताळेबंद केले होते. पुढच्या वर्षी त्यांच्यावर खटला चालून सातही जणांना तुरुंगवास झाला. ठेवीदारांचे पैसे वाचले, पण भागधारकांची जबाबदारी अमर्याद असल्याने १०० पौंडांच्या भागामागे एकूण २,७५० पौंड भरण्याची पाळी त्यांच्यावर आली. १,८१९ भागधारकांपैकी २५४ तेवढे सावरले. शहरातील बांधकाम ठप्प झाले. विश्वस्त मंडळाने पाडण्यासाठी घेतलेल्या जमिनीला गिऱ्हाईक उरले नाही. ज्या घरांना राहण्यास अयोग्य ठरवून विकत घेतले होते, त्यांचेच भाडे वसूल करण्याची वेळ त्या मंडळावर आली! सुधारणेसाठी नेमलेले मंडळ वाईट घरांचे मालक होऊन बसले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मंडळाने स्वतः घरे बांधायला घेतली, तेव्हा कोठे काम पुन्हा मार्गी लागले.

मुंबईपर्यंत आलेला धागा

आता सुरुवातीला सांगितलेल्या धाग्याकडे येऊ. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. कोंदट वस्त्या हे रोगाचे मूळ मानले गेले आणि १८९८ च्या कायद्याने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ब्रिटनमधील शहर सुधारणेचे जे नमुने यासाठी समोर होते, त्यांत ग्लासगोचा नमुना प्रमुख होता. नागपाड्यासारख्या भागात पाडापाडी झाली, नवे रस्ते निघाले. येथेही तोच प्रश्न उभा राहिला, उठवलेल्या गरिबाने जायचे कोठे? ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच आपल्या बी. आय. टी. चाळी. १९३३ मध्ये ट्रस्टचा कारभार महानगरपालिकेत विलीन झाला, पण चाळींना जुन्या ट्रस्टचे नाव चिकटून राहिले.

परळच्या बी. आय. टी. चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावरील ५० व ५१ क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून राहिले. परदेशातील शिक्षणाचा काळ वगळता, दादरच्या राजगृहात जाईपर्यंत त्यांचे बिऱ्हाड तेथेच होते. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद या काळातील त्यांचा पत्ता ही चाळ होती. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ग्लासगोच्या बोळाचा क्रमांक आपल्याला माहीत आहे, पण राहणारा माहीत नाही. या चाळीचा खोली क्रमांक आपण श्रद्धेने सांगतो, कारण राहणारा माहीत आहे. जागेला अर्थ येतो तो राहणाऱ्याच्या नावामुळे. आणि बाबासाहेबांच्या शेजारच्या खोल्यांत जे गिरणी कामगार, गोदी कामगार, सफाई कामगार राहत होते, त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

आपण काय करावे?

मुंबई, पुणे, नागपूर, सगळीकडे जुन्या चाळी आणि वस्त्या पडत आहेत, उंच इमारती उभ्या राहत आहेत. चांगले घर मिळावे ही प्रत्येकाची रास्त इच्छा आहे. ओल्या भिंती आणि सामाईक नळ यांचे कौतुक ज्याने ते भोगले नाही त्याने करावे. वस्ती जावी, पण नोंद राहावी, एवढेच सांगायचे आहे. अ‍ॅननला सरकारी मंडळाने पाठवले होते, म्हणून मंडळाला जे हवे ते नोंदले गेले. आपल्या वस्तीची नोंद आपणच केली, तर आपल्याला जे मोलाचे वाटते ते नोंदले जाईल.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. विद्यार्थी मित्रांनी सुट्टीच्या दिवशी आपल्या वस्तीतील वयोवृद्धांकडे जावे. त्यांच्या पेटीतले जुने फोटो पाहावेत. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, डावीकडून उजवीकडे उभ्या असलेल्यांची नावे, गाव, साल, ठिकाण आणि प्रसंग लिहून घ्यावा. शाईचे पेन वापरू नये, ती पुढच्या बाजूला उमटते. मोबाइलवर त्या फोटोची प्रत घ्यावी आणि मागच्या मजकुराचीही घ्यावी. नवा फोटो काढला तर माणसाला विचारून काढावा आणि वहीत त्याचे नाव, तो काय काम करतो, वस्तीत केव्हा आला हे त्याच्याच तोंडून ऐकून टिपावे. आईचे नाव विसरू नये. जुन्या फोटोंत बायकांची नावे सर्वांत आधी हरवतात.

संस्थेच्या कार्यालयात एक कपाट आणि एक नोंदवही एवढे या कामाला पुरेल. आज ज्यांना विचारता येते, त्यांतले काही उद्या नसतील. ग्लासगोच्या त्या बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईचे नाव आता कोणालाही सांगता येणार नाही. तिला विचारणे एकेकाळी अगदी सोपे होते, ती समोरच उभी होती. आपल्या समोर उभ्या असलेल्या माणसाला आपण विचारू या.